हवालदाराची पेटी

पेटीवाल्या बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी कुत्र्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चपला दाराबाहेर काढल्या, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "काका, आता अर्धा तास आपण तुमच्याबद्दल बोलू. त्याला वाटलं पाहिजे की मी तुमच्याकडे आलेय."

स्वतःबद्दल अर्धा तास बोलायची मला सवय नाही. पाच मिनिटांत माझा सगळा जन्म सांगून संपला. उरलेली पंचवीस मिनिटं आमच्या हिने सांभाळली, आणि तीही बहुतेक माझ्याबद्दलच बोलली, म्हणजे माझ्या चुकांबद्दल. बाई मन लावून ऐकत होत्या. मधेच त्यांच्या पायाशी येऊन आमच्या हवालदाराने त्यांचा गुडघा हुंगला, साडीचा काठ हुंगला, आणि काही गुन्हा दिसेना म्हणून परत आपल्या गालिच्यावर जाऊन उभा राहिला. तेव्हा बाईंनी, बोलणं न तोडता, पिशवीतून मोजायची फीत काढली.

हवालदार हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव मुलाने ठेवलं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. दारात आल्यागेल्याची चौकशी केल्याशिवाय हा कुणाला आत सोडत नसे, म्हणून हवालदार. उंच, ताठ कानांचा, आणि त्या वेळी अकरा वर्षांचा. मागचे पाय कुरकुरू लागले होते.

मुलगा परदेशात. एक दिवस त्याचा फोन आला, "बाबा, आता तुम्ही दोघं इकडेच या, कायमचे."

"दोघं नाही, तिघं," ही मागून म्हणाली.

"आई, त्याचं वय बघ ना. विमानात एवढा प्रवास..."

"वय माझंही झालंय. मग मलाही ठेवून जा."

शेवटी मुलगा कबूल झाला. घर विकलं गेलं, किल्ल्या द्यायची तारीख ठरली, तिकिटं निघाली. पण हिने फोनवर स्वच्छ सांगून टाकलं होतं, "हवालदार विमानात चढला तर मी चढेन. नाही तर बाबांना एकट्यांना पाठवते, पत्ता चिकटवून." सगळे हसले. मी हसलो नाही. चाळीस वर्षांत ती चेष्टेत काय म्हणते आणि खरं काय म्हणते, हे मला ओळखता येऊ लागलं होतं. कुत्रा राहिला असता तर ती राहिली असती, आणि राहायला घर उरलं नसतं.

आता एवढा मोठा कुत्रा विमानात माणसांच्या शेजारी बसत नाही. तो विमानाच्या पोटात, लाकडी पेटीत बसून जातो. पेटी विमानतळावर तपासतात. कुत्रा तिच्यात मान वर करून उभा राहिला की कान छताला लागता कामा नयेत, त्याला जागच्या जागी वळता आलं पाहिजे, पाय पसरून निजता आलं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी तपासणारा माणूस पेटी परत पाठवतो. आमच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा लहान विमानाचा होता, आणि त्याच्या पोटात ठरावीक उंचीपेक्षा मोठी पेटी मावत नव्हती. म्हणजे पेटी उंच हवी, पण फार उंच नको. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "या कामाला एकच व्यक्ती आहे. दुकानातली तयार पेटी घेऊ नका, त्या बाईंकडे जा."

बाईंचा कारखाना मालवाहू गाड्या उभ्या राहतात त्या रस्त्याच्या मागे होता. कारखाना म्हणजे पत्र्याखाली एक लांब खोली. एका भिंतीला प्लायवुडचे ताव उभे, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांना टांगलेल्या करवती, आकाराप्रमाणे, लहान ते मोठी. पायाखाली भुसा. मी गेलो तेव्हा त्या स्वतः एका अर्धवट पेटीत गुडघ्यावर बसून होत्या, फक्त चपला बाहेर दिसत होत्या. मी खाकरलो. आतून आवाज आला, "थांबा जरा, मी आत्ता मांजर आहे."

झरोक्यातून मांजराला काय दिसेल हे त्या बघत होत्या. बाहेर आल्या, केसांतला भुसा झटकला आणि म्हणाल्या, "झरोका फार वर पडलाय. तिला नुसतं आभाळ दिसेल. आभाळ बघून कुणाला धीर येतो?"

त्यांची हकिगत मला तुकड्या तुकड्यांनी कळली. कारखाना त्यांच्या नवऱ्याचा. ते यंत्रांच्या सुट्या भागांसाठी खोकी बनवायचे, आणि त्यांचं खोकं कधी फुटलं नाही अशी ख्याती होती. ते गेल्यावर दिरांनी सल्ला दिला की जागा भाड्याने द्या आणि निवांत बसा. बाई म्हणाल्या, "निवांत बसले की मला कंबरदुखी होते." नऊ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पहिल्याच महिन्यात एक कुटुंब कुत्रं घेऊन दारात आलं, की याच्यासाठी खोकं करून द्या. बाईंनी नवऱ्याच्या पद्धतीने, चहूबाजूंनी घट्ट बसेल असं खोकं केलं. कुत्रं आत गेलं आणि थरथरायला लागलं. बाईंनी ते खोकं तिथल्या तिथे सुटं केलं.

"तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला," त्या मला म्हणाल्या. "यंत्र हललं तर मोडतं, काका. जनावराला हलताच आलं नाही तर ते मोडतं. आमच्या ह्यांनी मला सगळं शिकवलं, पण हे त्यांनाही माहीत नव्हतं. बिचाऱ्यांकडे थरथरणारं गिऱ्हाईक कधी आलंच नाही."

तेव्हापासून त्यांनी आपले नियम केले. जनावर कारखान्यात आणायचं नाही, कारण तिथे ते अंग चोरून उभं राहतं आणि माप चुकतं. माप त्याच्या घरी, त्याच्या जागेवर घ्यायचं. पेटी प्रवासाच्या निदान महिनाभर आधी घरात गेली पाहिजे. आठवड्यावर प्रवास आलेल्या माणसाला त्या सरळ नाही म्हणत. माझ्या समोर त्यांनी एका सुटाबुटातल्या गृहस्थांना परत पाठवलं. गृहस्थ म्हणाले, "अहो, खोकंच तर पाहिजे." बाई म्हणाल्या, "मग पलीकडच्या गल्लीत फळांची दुकानं आहेत, तिथे मिळेल."

आमची पेटी आली ती बिनदाराची. चार माणसांनी उचलून बाई सांगतील तिथे, म्हणजे हवालदाराच्या गालिच्याच्या जागी, ठेवली. आत तोच गालिचा अंथरला. "पेटी आधी तुमच्या घरात रुळली पाहिजे, मग कुत्रं पेटीत रुळेल," बाई म्हणाल्या आणि हिच्या हातात एक कागद दिला. त्यावर महिन्याचा अभ्यास होता. पहिला आठवडा जेवण पेटीत. दुसऱ्या आठवड्यात दार बसवायचं, पण उघडंच ठेवायचं. मग दहा आकडे मोजेपर्यंत बंद, मग शंभर. सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला चालवून आणायचं. डॉक्टरांना त्याचे पाय दाखवून औषध सुरू करायचं. विमानाच्या आवाजाची आणि हादऱ्यांची सवय व्हावी म्हणून पेटी कपडे धुण्याच्या यंत्राला टेकवून ठेवायची आणि यंत्र रोज चालवायचं.

हे शेवटचं आम्ही इतकं मनावर घेतलं की घरात मळलेले कपडे उरले नाहीत. ही माझ्या अंगावरचा सदरा मागू लागली. "अगं, सकाळीच घातलाय." "असू दे. हवालदाराचा अभ्यास बुडतो." यंत्र गरगरू लागलं की सुरुवातीला हवालदार पेटीतून उडी मारून बाहेर यायचा. पंधरा दिवसांनी तो यंत्राच्या तालावर घोरू लागला.

दर शनिवारी बाई यायच्या. कुत्र्याशी लाडेलाडे बोलणं त्यांना जमत नसे. त्या पेटीशीच जास्त बोलत. दाराच्या कडेवरून बोट फिरवत, एखादं कुसळ लागलं की खिशातून पॉलिशपेपर काढून घासत बसत. एकदा मी म्हटलं, "एवढं कोण बघतंय?" त्या म्हणाल्या, "जीभ बघते. काळजीत असलं की कुत्रं दार चाटतं."

निघायला चार दिवस उरले होते. बाई शेवटची तपासणी करायला आल्या. दोन दिवस आधी ही मला म्हणाली होती, "अहो, हवालदार उंच झाल्यासारखा वाटतो." मी म्हटलं, "या वयात?" तर म्हणाली, "मग तुम्ही बुटके व्हायला लागला असाल." तो विषय तिथेच संपला होता.

बाईंनी हवालदाराला पेटीत बोलावलं. तो शहाण्यासारखा आत गेला, वळला आणि दाराच्या जाळीतून आमच्याकडे बघत ताठ उभा राहिला. त्याचे दोन्ही कान छताला लागून टोकाशी मुडपले होते.

बाईंनी त्याला बाहेर घेतलं, फीत लावली, परत लावली. मग जमिनीवर बसल्या.

"याचे पाय सुधारले," त्या म्हणाल्या. "औषधाने, चालण्याने. महिन्यापूर्वी मी मोजला तेव्हा हा मागे वाकून उभा राहायचा. आज सरळ उभा आहे." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, चूक माझी. मी त्याचं दुखणं मोजलं, त्याला नाही मोजलं."

हिने पदर तोंडाला लावला. मी नको ते बोललो. म्हटलं, "बाई, बोटभर तर फरक आहे. तो विमानतळावरचा माणूस एवढं बारीक बघेल कशावरून?"

"तो नाही बघणार कदाचित," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला घरातून उठून जावंसं वाटलं. "पण हा बघणार ना, काका. बारा तास मान खाली घालून."

"मग छप्पर उंच करा," ही म्हणाली.

"तेच तर करता येत नाही. बाहेरून पेटी जेवढी चालते तेवढी उंच आहेच. वर अर्धा इंच गेला तरी लहान विमान घेणार नाही."

नवी पेटी केली तरी तिची उंची तीच राहणार होती. दुसऱ्या विमानाची तिकिटं काढायची तर किल्ल्या द्यायची तारीख पुढे ढकलायला हवी होती, आणि कुत्र्याचे आरोग्याचे कागद तोवर शिळे होणार होते. मी हे सगळं मनात फिरवत होतो. बाई पेटीभोवती फिरत होत्या. एकदा, दोनदा. मग पोटावर पालथ्या झाल्या आणि पेटीच्या खाली बघू लागल्या. हवालदार त्यांच्या शेजारी जाऊन पालथा पडला आणि तोही बघू लागला.

"हे पाय," बाई खालूनच म्हणाल्या.

पेटीला खाली चार इंचांचे लाकडी पाय होते. माल उचलणाऱ्या गाडीचे काटे आत घुसावेत म्हणून ते लागतात.

"चार इंच कशाला?" बाई उठून बसल्या. त्या आम्हाला विचारत नव्हत्या. "आमच्या ह्यांचे चार इंच. यंत्राची खोकी उघड्यावर पडून राहायची, खाली पाणी साचायचं, म्हणून ते उंच पाय लावायचे. मी नऊ वर्षं तसेच पाय कापत आले. विमानात कुठलं पाणी साचतंय, हे एकदाही मनात आलं नाही. त्यांनी केलं म्हणजे बरोबरच, असं धरून चालले."

त्यांनी विमानतळावरच्या माल-कचेरीत फोन लावला. काट्यांना कमीत कमी किती जागा लागते, हे तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. तिघांनीही दोन इंच सांगितल्यावरच फोन ठेवला. म्हणजे खालून दोन इंच कापायचे आणि तेच दोन इंच छताखाली घालायचे. बाहेरची उंची तीच, आतली दोन इंचांनी जास्त.

मला वाटलं, आता पेटी कारखान्यात जाणार. मी माणसं बोलवायला निघालो, तर बाईंनी थांबवलं. "पेटी इथून हलायची नाही. महिनाभराने त्याला हे घर वाटायला लागलंय. आता दोन दिवस ते गायब झालं आणि वेगळ्याच वासाचं परत आलं, तर सगळ्या अभ्यासावर पाणी. मी इथेच करते. त्याच्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या त्या हातकरवत, रंधा आणि पेचकस घेऊन. विजेचं एकही अवजार आणलं नव्हतं, हातोडीसुद्धा नाही. ठोकाठोकीचा आवाज पेटीला चिकटायला नको, असं त्यांचं म्हणणं. एकेक स्क्रू हाताने फिरवून त्यांनी छप्पर सोडवलं. मोजले नाहीत, पण चाळीस तरी असतील. भिंतींच्या वरच्या कडेवर बसवायला दोन इंच रुंदीच्या पट्ट्या त्या कारखान्यातून कापून, हवेची भोकं पाडून घेऊन आल्या होत्या. त्या पट्ट्या त्यांनी आदल्या संध्याकाळीच आमच्या हवालदाराच्या जुन्या चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या, वास लागावा म्हणून. जाताना चादर मागून नेली होती तेव्हा मला उलगडा झाला नव्हता.

मला त्यांनी एक काम दिलं: कापताना पाय धरून बसायचं. बाईंचा हात करवतीवर सावकाश चालत होता, घाई कुठेच नव्हती. पहिल्या पायाचा तुकडा खाली पडला तेव्हा त्यांनी तो उचलून क्षणभर हातात धरला. मग पिशवीत न टाकता बाजूला ठेवला आणि पुढचा पाय घेतला. हवालदार थोडा वेळ पहारा देत उभा राहिला, मग भुशावर आडवा झाला. दुपारी ही चहा घेऊन आली तर बाई म्हणाल्या, "काकू, मला नको. यंत्र लावा तेवढं. आजचा अभ्यास राहिलाय."

चार वाजता छप्पर परत बसलं. बाईंनी जोडावरून तीनदा तळवा फिरवला. हवालदार आत गेला, वळला, उभा राहिला. कानांच्या आणि छताच्या मध्ये बाईंची दोन बोटं आडवी गेली. ही खुर्चीत बसून रडली, आणि बाई तिला म्हणाल्या, "आता रडा हवं तर. काल मला भीती वाटत होती तुम्ही रडाल म्हणून. मला कुणी रडायला लागलं की मोजता येत नाही."

बाई एरवी विमानतळावर जात नसत. आमच्याबरोबर आल्या. माल-कचेरीत तपासणारा माणूस धिप्पाड होता. त्याने पेटीत हात घातला, कानांवरून पंजा फिरवला, खाली वाकून पाय मोजले आणि भुवया उंचावल्या. "पाय कमी वाटतात."

"दोन इंच आहेत," बाई म्हणाल्या. "तुमच्याच तिघांनी सांगितलंय. हवं तर काटे घालून बघा, मी थांबते."

त्याने खरोखरच गाडी मागवली. काटे आत गेले, पेटी वीतभर उचलली गेली, खाली आली. हवालदार आत उभ्याचा बसला, एवढंच. त्या माणसाने शिक्का मारला. पेटी सरकत्या पट्ट्यावरून आत जाऊ लागली तेव्हा हिला मी म्हटलं, मागे बघू नकोस. बाईंनी मला गप्प केलं. "बघू द्या त्यांना. फक्त हसत बघा, काकू. तो चेहरे वाचतो."

आणि ही हसली. कशी हसली ते मला लिहिता येणार नाही.

उतरल्यावर हवालदार आम्हाला परत मिळाला. मुलाच्या घरी पेटी दिवाणखान्यात ठेवली, दार उघडलं, तर हा बाहेरच येईना. शेपूट हलवतो, सुनेच्या हाताला चाटतो, पण पाय बाहेर टाकत नाही. मुलगा घाबरला. ही म्हणाली, "आधी बाईंना विचारा." मी फोन लावला.

"येत नाही बाहेर?" बाई म्हणाल्या. "मग छान झालं. राहू दे त्याला, येईल भूक लागली की. आता मी विचारते ते नीट बघून सांगा. दाराला आतून ओरखडे आहेत?"

"नाहीत."

"खालचा गालिचा एका कोपऱ्यात गोळा झालाय की सरळ आहे?"

"सरळ आहे. थोडा ओला आहे, पाण्याच्या भांड्यापाशी."

"म्हणजे तो पाणी प्यायला. झरोक्याची जाळी बघा."

जाळीवर नाकाचा वाळलेला डाग होता, एकाच बाजूला. ते सांगितलं. "म्हणजे उभा राहून बाहेर बघत होता," बाई म्हणाल्या. मी विचारलं की हे सगळं त्यांना कसं कळतं, तर म्हणाल्या, "मी कुठे विमानात बसलेय, काका? आजवर एकदाही नाही. पोचल्यावर लोक सांगतात त्यावरूनच मला कळतं आत काय होतं ते. आता शेवटचं. छप्पर. कान घासले असतील तर तिथे केस चिकटलेले दिसतील."

गुडघे टेकून, चष्मा सावरत, मी हवालदाराच्या शेजारी डोकं आत घातलं. मुलाने बॅटरी धरली. नव्या पट्टीच्या जोडापासून सुरुवात करून मी सगळ्या छतावरून बोट फिरवलं. लाकूड कोरडं आणि गुळगुळीत होतं. हवालदाराने माझा कान चाटला.

"एकही केस नाही, बाई," मी आतूनच ओरडलो.

बाई म्हणाल्या, "बरं झालं. ठेवते मी. दोन सशांचं माप घ्यायला जायचंय, आणि त्यांच्या मालकांशी अर्धा तास काय बोलायचं ते अजून ठरलं नाहीये."